येस या बँडचा 'येससाँग्ज': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम नेमका काय आहे?

येस हा १९६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेला इंग्लिश बँड. 'येससाँग्ज' हा त्यांचा पहिला लाइव्ह अल्बम. तो मे १९७३ मध्ये अटलांटिक कंपनीने तीन एलपींच्या संचात काढला. एकूण लांबी दोन तास दहा मिनिटांच्या आसपास. निर्मिती बँडची आणि ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड यांची. ऑफर्ड हे त्या काळात स्टुडिओतही बँडसोबत असत आणि दौऱ्यावरही. तीन तबकड्यांचा संच तेव्हाही स्वस्त नव्हता. तरी तो ब्रिटनच्या यादीत सातव्या आणि अमेरिकेच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेला.

ही एकाच रात्रीची मैफल आहे का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत आहे. १९७२ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत वेगवेगळ्या शहरांत जे टेप झाले, त्यांतून निवडून हा ऐवज जोडला आहे. दोन गाण्यांमध्ये टाळ्या सलग ऐकू येतात, पण प्रेक्षक एकच असतील असं नाही. गाण्यांचा क्रमही मैफलीतला नाही. रेकॉर्डच्या बाजू भरताना जे जिथे बसलं, ते तिथे गेलं.

हे ठाऊक नसलं की ऐकताना दोन गोष्टी खटकतात. ड्रमचा आवाज मध्येच बदलतो आणि सभागृहाची गुंजही गाण्यागणिक कमीजास्त होते. हे मिक्सिंगचे दोष नाहीत, वेगवेगळे महिने आणि वेगवेगळ्या जागा आहेत.

यात दोन ड्रमर का आहेत? कोण कुठे वाजवतो?

'क्लोज टू द एज'चं स्टुडिओतलं काम संपताच, जुलै १९७२ मध्ये, बिल ब्रुफर्ड बँड सोडून किंग क्रिम्सनमध्ये गेले. अमेरिकेचा दौरा ठरलेला होता. ॲलन व्हाइट यांना बोलावलं गेलं. जॉन लेननच्या प्लास्टिक ओनो बँडमध्ये ते वाजवून आलेले होते. तयारीला त्यांच्या हातात मोजून तीन दिवस होते. ३० जुलै १९७२ ला डॅलसमध्ये ते येससोबत पहिल्यांदा मंचावर बसले.

अल्बमवर ब्रुफर्ड फक्त दोन ठिकाणी आहेत: 'पर्पेच्युअल चेंज' आणि 'लाँग डिस्टन्स रनअराउंड / द फिश'. बाकी सगळीकडे व्हाइट.

कानांनी ओळखायचं असेल तर स्नेअरकडे, म्हणजे खाली तारा लावलेल्या छोट्या ड्रमकडे, लक्ष ठेवा. ब्रुफर्ड यांचा स्नेअर उंच, कोरडा आणि खणखणीत आहे. काठ आणि कातडं एकदम वाजल्याचा तो ठणका इतर सगळ्या वाद्यांतून वर येतो. ठोका नेहमीच्या जागी न पडता जरा बाजूला सरकतो. व्हाइट यांचा हात जड. किक-ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पुढे आणि ताल सरळ धरलेला. 'पर्पेच्युअल चेंज'मधलं ड्रम-सोलो ऐका आणि लगेच 'सायबेरियन खत्रू'ची पहिली दोन मिनिटं ऐका. फरक पटकन कळेल. कोण श्रेष्ठ, हा वाद पन्नास वर्षं चालला आहे. आमचं मत विचाराल तर 'हार्ट ऑफ द सनराइज'ला ब्रुफर्ड हवे होते आणि 'युवर्स इज नो डिसग्रेस'ला व्हाइटच शोभतात.

कोणत्या बाजूवर काय आहे?

मूळ एलपीवरची मांडणी आणि लांबी अशी:

पहिली बाजू: ओपनिंग (३:४५), सायबेरियन खत्रू (८:५०), हार्ट ऑफ द सनराइज (११:२६)
दुसरी: पर्पेच्युअल चेंज (१४:०८), अँड यू अँड आय (९:५५)
तिसरी: मूड फॉर अ डे (२:५२), द सिक्स वाइव्ह्ज ऑफ हेन्री द एट्थमधले उतारे (६:३५), राउंडअबाउट (८:३३)
चौथी: युवर मूव्ह / आय हॅव सीन ऑल गुड पीपल (७:००), लाँग डिस्टन्स रनअराउंड / द फिश (१३:४५)
पाचवी: क्लोज टू द एज (१८:४१)
सहावी: युवर्स इज नो डिसग्रेस (१४:२१), स्टारशिप ट्रूपर (९:२५)

आवृत्तीगणिक काही सेकंद इकडेतिकडे होतात.

मैफलीच्या खऱ्या क्रमाने ऐकायचं असेल तर?

१९७२ च्या शरद ऋतूतल्या दौऱ्यात क्रम बहुतेक ठरलेला असे. प्लेलिस्ट अशी लावा:

ओपनिंग, सायबेरियन खत्रू, आय हॅव सीन ऑल गुड पीपल, हार्ट ऑफ द सनराइज, मूड फॉर अ डे, अँड यू अँड आय, क्लोज टू द एज, सिक्स वाइव्ह्जचे उतारे, राउंडअबाउट आणि शेवटी, 'वन्स मोअर'च्या जागी, युवर्स इज नो डिसग्रेस.

ब्रुफर्ड यांचे दोन तुकडे आणि 'स्टारशिप ट्रूपर' वगळले की साधारण ९२ मिनिटं होतात. हा क्रम अल्बमच्या क्रमापेक्षा चांगला चढतो. 'खत्रू'च्या धावपळीनंतर 'युवर मूव्ह' आलं की श्वास घ्यायला जागा मिळते. रेकॉर्डवर मात्र तिथे लगेच 'हार्ट ऑफ द सनराइज' अंगावर येतं.

सुरुवातीला वाजतं ते ऑर्केस्ट्रा संगीत कोणाचं?

इगोर स्ट्राविन्स्की यांच्या 'फायरबर्ड' या १९१० च्या बॅलेचा शेवटचा भाग. सभागृहात ही टेप लावली जाई, अंधारात वादक आपापल्या जागी येत आणि टेपच्या शेवटच्या स्वरांत कीबोर्डवादक रिक वेकमन यांचा मेलोट्रॉन (फितींवर चालणारं कीबोर्ड-वाद्य) मिसळे. तिथून गिटार थेट 'सायबेरियन खत्रू'त उडी घेते. म्हणून या दोन ट्रॅकमध्ये अर्ध्या सेकंदाचीही फट पडता कामा नये. त्याबद्दल पुढे आहेच.

स्टुडिओतल्या गाण्यांपेक्षा यात वेगळं काय आहे?

काही गाणी ताणली आहेत, काहींचं रूपच पालटलं आहे, तर काही जशीच्या तशी आहेत.

'पर्पेच्युअल चेंज' स्टुडिओत नऊ मिनिटांच्या आत होतं, इथे चौदा. 'द फिश' स्टुडिओत अडीच-पावणेतीन मिनिटांचा तुकडा होता. इथे तो ख्रिस स्क्वायर यांचा लांबलचक बेस-सोलो आहे. रिकनबॅकर बेसचा तो धातूसारखा, किंचित फाटलेला आवाज या अल्बमवर जितका उघडा मिळतो तितका स्टुडिओत कुठेच नाही. 'क्लोज टू द एज' मात्र स्टुडिओच्या लांबीलाच येऊन थांबतं. अठरा मिनिटांची रचना, काही महिन्यांपूर्वी आलेला ड्रमर, आणि फरक काही सेकंदांचा.

'अँड यू अँड आय'ची सुरुवात बघा. स्टुडिओत ती अकूस्टिक गिटारच्या हळुवार हार्मोनिक्सने होते. मंचावर ते काढून टाकलं आणि गाण्याच्या मध्यावरची भव्य धून, स्टील गिटार आणि मेलोट्रॉनसह, आरंभाला आणली. हजारोंच्या गजबजाटात ते हार्मोनिक्स पोचलेच नसते. निर्णय व्यवहारातून आलेला, पण गाण्याला तो फार मानवला.

आणखी एक. 'युवर्स इज नो डिसग्रेस', 'स्टारशिप ट्रूपर', 'पर्पेच्युअल चेंज' आणि 'आय हॅव सीन ऑल गुड पीपल' ही गाणी १९७१ च्या 'द येस अल्बम'मधली. तेव्हा कीबोर्डवर टोनी के होते, ज्यांचा भर हॅमंड ऑर्गनवर असे. इथे त्याच गाण्यांत वेकमन यांचे मिनिमूग सिंथेसायझर आणि मेलोट्रॉन शिरतात.

मेलोट्रॉनचा आवाज मध्येच डळमळतो, ते का?

कारण तो सिंथेसायझर नाही. त्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो. मेलोट्रॉन ४०० मॉडेलला ३५ पट्ट्या. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकते आणि त्यावर मुद्रित झालेलं व्हायोलिन किंवा कोरस वाजतं. फीत सुमारे ८ सेकंदांची. ती संपली की आवाज बंद, पट्टी सोडून पुन्हा दाबायची. म्हणून लांब स्वर धरताना वादक बोटं आळीपाळीने बदलतो.

सगळ्या फिती एकाच मोटरवर ओढल्या जातात. एकदम जास्त पट्ट्या दाबल्या, किंवा वीजदाब घसरला, की वेग मंदावतो आणि सूर उतरतो. ट्रकमधून रोज शेकडो किलोमीटर हलवलेल्या यंत्रात फिती जागेवरून सरकतात, ते वेगळंच. तारांचं आवरण नीट नसलं तर रेडिओही पकडला जाई, अशी ही वाद्यं.

हॅमंड ऑर्गनला परदेशात सूर का जुळवून घ्यावा लागतो?

जुन्या हॅमंडमध्ये सूर दातेरी चकत्यांच्या फिरण्यावर ठरतो आणि त्या फिरवणारी मोटर वीजप्रवाहाच्या वारंवारतेला बांधलेली असते. ब्रिटनमध्ये ती ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. ब्रिटनचा ऑर्गन तसाच अमेरिकेत लावला तर सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त वर जातो. म्हणून वारंवारता बदलणारं यंत्र लागतं किंवा तिकडचा ऑर्गन घ्यावा लागतो.

हाच नियम तुमच्या घरातही लागू पडतो. अमेरिकेतून कोणी जुना बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल आणला आणि नुसता व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर लावून चालवला, तर ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे फिरते. बँडचे गायक जॉन अँडरसन यांचा उंच आवाज एकदम भारदस्त होतो. उपाय: ५० हर्ट्झची पुली, किंवा डीसी मोटरचा टर्नटेबल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही.

आवाज इतका दबलेला, गढूळ का वाटतो?

तक्रार रास्त आहे. हा अल्बम वादनासाठी वाखाणला जातो, ध्वनीसाठी नाही. कारणं बरीच आहेत. मुद्रण मोठमोठ्या बंदिस्त सभागृहांत झालं. त्यांतली काही तर आइस-हॉकीची मैदानं होती. काँक्रीट आणि पत्रा असला की २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा घुमत राहतो. मंचावर ॲम्प्लिफायर प्रचंड जोरात असल्याने गिटार ड्रमच्या माइकमध्ये शिरते आणि बेस सगळीकडेच. एकदा शिरलेला आवाज वेगळा काढता येत नाही. त्यात तीन एलपींवर दोन तास दहा मिनिटं कोंबायची होती.

घरी थोडा इलाज करता येतो. इक्वलायझर असेल तर २५० ते ३५० हर्ट्झच्या आसपास २ ते ३ डेसिबल कमी करा. ३ किलोहर्ट्झच्या वर हात लावू नका. सिंबल किरकिर करायला लागतात. 'बेस बूस्ट' चालू असेल तर तो आधी बंद करा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

एलपीवर बाजूच्या शेवटी आवाज फाटतो. सुई खराब आहे का?

असेलही, पण आधी भूमिती समजून घ्या. तबकडी ठरलेल्या वेगाने फिरते, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि आतल्या खाचेत जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत लिहावा लागतो. साध्या गोल टोकाच्या सुईला ते वळण पेलत नाही.

'येससाँग्ज'मध्ये हे नेमकं वाईट जागी येतं. पहिली आणि सहावी, दोन्ही बाजू २४ मिनिटांच्या घरात जातात. पहिलीच्या शेवटाला 'हार्ट ऑफ द सनराइज'चा कडेलोट, सहावीच्या शेवटाला 'स्टारशिप ट्रूपर'चा 'वुर्म' हा भाग: तीनच कॉर्ड, जी, ई-फ्लॅट, सी, पुन्हा पुन्हा, प्रत्येक फेरीत अधिक जोरात. म्हणजे सगळ्यात मोठा आवाज सगळ्यात अरुंद जागेत. पाचव्या बाजूवर 'क्लोज टू द एज' एकटं आहे, १८:४१. म्हणून ती बाजू कानाला मोकळी लागते.

करायचं काय: कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) प्रोट्रॅक्टरने, म्हणजे कोन मोजायच्या पट्टीने, सरळ लावून घ्या. वजन कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या मर्यादेच्या वरच्या निम्म्यात ठेवा, सहसा १.८ ते २ ग्रॅम. कमी वजन तबकडीला सोसतं हा भ्रम आहे. हलकी सुई उड्या मारते आणि खाच जास्त खाते. अँटीस्केट (सुईचा दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली सोय) तपासा. एवढं करून फाटलं, तर लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची सुई घ्या. त्यानंतरही तिथेच फाटत असेल तर आधीच्या मालकाने खाच घासून टाकली आहे. तिला इलाज नाही.

वापरलेला संच घेताना काय पाहावं?

अमेरिकन छपाईवर एसडी ३-१०० आणि ब्रिटिशवर के ६००४५ हा क्रमांक असतो. तिन्ही तबकड्यांवर तोच आहे ना, हे पाहा. दोन संचांतून जोडलेला तिसरा नेहमी भेटतो. कव्हर उलगडतं आणि आत छायाचित्रांची पुस्तिका असते. ती बहुतेकदा हरवलेली असते, मग किंमत त्या मानाने उतरायला हवी. शिवणी तपासा, तीन तबकड्यांच्या वजनाने त्या खालून फाटतात. उजेडाखाली तिरकं धरून पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या बाजूचा आतला इंच बघा. तिथे करडी झाक असेल तर खाच झिजली आहे.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या तबकड्या मिळतात. तिथे घेताना बुरशीची तयारी ठेवा.

पावसाळ्यात बुरशी आली तर कशी काढावी?

विनाइल एलपीसाठी: चार भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, एका लिटरला भांड्यांच्या बिनवासाच्या लिक्विडचे दोन थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल, दोन मिनिटं. आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा आणि उभं ठेवून वाळवा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळून चरचर वाढते. लाखेच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांना अल्कोहोल लावाल तर तबकडी जाईल.

धुतलेली तबकडी जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका. बुरशी तिथेच असते. नवं पॉलिथिनचं आतलं पाकीट घ्या, तबकड्या कव्हरबाहेर वेगळ्या ठेवा. शिवणीही वाचतात.

सीडी किंवा फाइलवर गाण्यांमध्ये खट् आवाज येतो, फट पडते. का?

एमपी३ बनवताना फाइलच्या आधी-नंतर थोडी शांतता आपोआप भरली जाते. प्लेअरला ती वगळता आली नाही की फट पडते. 'ओपनिंग' आणि 'सायबेरियन खत्रू'च्या सांध्यावर ते लगेच उघडं पडतं. सीडी फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता साठवणाऱ्या फाइलच्या प्रकारात) रिप करा. ट्रॅकच्या टोकांची शांतता कापण्याचा पर्याय बंद ठेवा. प्लेअरमध्ये 'गॅपलेस' चालू आणि 'क्रॉसफेड' शून्य. स्ट्रीमिंग ॲपमध्येही क्रॉसफेड बंद करा, नाहीतर एका गाण्याच्या टाळ्या पुढच्यावर चढतात.

'प्रोजेनी' घ्यावा का?

२०१५ मध्ये ऱ्हिनोने काढलेला 'प्रोजेनी: सेव्हन शोज फ्रॉम सेव्हन्टी-टू' हा १४ सीडींचा संच. ३१ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर १९७२ मधल्या सात पूर्ण मैफली: टोरोंटो, ओटावा, डरहॅम, ग्रीन्सबरो, अथेन्स (जॉर्जिया राज्यातलं), नॉक्सव्हिल आणि युनियनडेल. मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (जिच्यावर वाद्यं वेगवेगळी मुद्रित असतात) नव्याने मिक्स केल्या आहेत. बेस आणि ड्रम इथे सुटे ऐकू येतात. 'येससाँग्ज'मधला गढूळपणा सगळाच जागेचा नव्हता, मिक्सिंगचाही होता, हे तेव्हाच कळतं.

पण सातही रात्री गाणी जवळपास तीच. दौऱ्यात बँड कसा रुळत गेला, हे रात्रीमागून रात्र ऐकायचं असेल तरच पूर्ण संच घ्या. इतरांना त्यातली निवड, दोन सीडींची, भरपूर आहे. यात ब्रुफर्ड नाहीत, 'पर्पेच्युअल चेंज' नाही, 'स्टारशिप ट्रूपर' नाही. म्हणून 'प्रोजेनी' घेतल्यावर 'येससाँग्ज' विकून टाकू नका.

याच नावाचा चित्रपटही आहे ना?

आहे. दिग्दर्शक पीटर नील. चित्रण डिसेंबर १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात झालं. गाणी कमी आहेत आणि 'मूड फॉर अ डे'च्या जागी गिटारवादक स्टीव्ह हाउ 'क्लॅप' वाजवतात. आवाज अल्बमहूनही मागे. तरी हाउ यांची बोटं आणि वेकमन यांच्याभोवतीची कीबोर्डची भिंत पाहण्यासाठी एकदा जरूर बघावा.

कव्हरवरची चित्रं कशाची आहेत?

रॉजर डीन यांची. 'फ्रॅजाइल' (१९७१) च्या कव्हरवर एक इवलासा ग्रह होता, तो फुटतो. 'येससाँग्ज'च्या चार चित्रांत त्याचे तुकडे अवकाशातून नव्या जगात पोचतात आणि तिथे जीवन रुजतं: एस्केप, अरायव्हल, अवेकनिंग, पाथवेज. क्रमाने पाहिली तरच गोष्ट लागते. सीडीच्या आकारात यातलं काही उरत नाही.

येसचा भारताशी काही संबंध?

'क्लोज टू द एज'मागे हर्मन हेसे यांच्या 'सिद्धार्थ' कादंबरीचा प्रभाव होता. गाण्यातली नदी तिथली. आणि 'येससाँग्ज'नंतरचा, १९७३ च्या अखेरचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा दुहेरी अल्बम अँडरसन यांना परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातल्या शास्त्रांवरच्या एका तळटीपेवरून सुचला. चार बाजू, चार रचना. 'येससाँग्ज' पचला असेल तरच तिकडे वळा.

पहिल्यांदाच ऐकतोय. कुठून सुरू करू?

'राउंडअबाउट'पासून नको, ते इथे चांगलं आहे, पण स्टुडिओत अधिक चांगलं आहे. सहावी बाजू लावा. 'युवर्स इज नो डिसग्रेस'मध्ये मध्यावर सगळे थांबतात आणि हाउ यांची गिटार एकटी उरते. तिथे कान टवकारले गेले तर पाचवी बाजू, मग पहिली. नाही टवकारले, तर तिसऱ्या बाजूवरचं पावणेतीन मिनिटांचं 'मूड फॉर अ डे' ऐका आणि बाकीचं पुन्हा कधीतरी.